सोळा आठवड्यांचा तक्ता आणि दिवे घाट

प्रश्न: मी ४३ वर्षांची आहे, सहकारी बँकेत नोकरी करते, धनकवडीला राहते. दर जानेवारीत काहीतरी ठरवते आणि फेब्रुवारीत ते सुटतं. यंदा हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलं. मोबाइलवरून सोळा आठवड्यांचा तक्ता घेतला, प्रिंट काढून फ्रिजवर लावला. पाचव्या आठवड्यात मुलाचा ताप आणि बँकेतलं ऑडिट एकदमच आलं. तीन दिवस बुडाले, आणि नंतर बुटांना हात लावावासाच वाटेना. माझे मिस्टर असल्याच तक्त्यावर दोन हाफ मॅरेथॉन धावलेत. ते म्हणतात, तुझ्यात जिद्द कमी आहे. तसं असेल तर तेही स्पष्ट सांगा. वारीत मात्र मी मावशीबरोबर नऊ वर्षं पुणे ते सासवड चालते. एका वर्षी अंगात कणकण होती तरी गेले, कारण मावशी एकटी पडली असती. पण ते वेगळं. माझ्याच्याने टिकेल असं ध्येय ठरवायचं तरी कसं?

उत्तर: "पण ते वेगळं" हे तुमचे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

पुणे ते सासवड म्हणजे तीसेक किलोमीटर. माउलींच्या पालखीच्या वाटेवरच्या लांब मजलांपैकी ही एक. पहाटे भवानी पेठेतून निघायचं, हडपसर ओलांडेपर्यंत ऊन नाहीतर पाऊस अंगावर घ्यायचा, वडकी नाल्याला विसावा, आणि पाय बोलायला लागले की समोर दिवे घाट उभा. हाफ मॅरेथॉन असते २१.१ किलोमीटरची. तिच्या जवळजवळ दीडपट अंतर नऊ वर्षं एका दिवसात चालणाऱ्या बाईत जिद्द कमी आहे, हे मला कुणी सांगितलं तर मी मान्य करणार नाही. चालणं आणि धावणं यात फरक आहेच. पण तुम्ही थांबलात ते धावणं झेपत नव्हतं म्हणून नाही. चार आठवडे तुम्ही व्यवस्थित धावलात. तीन दिवस बुडाले आणि त्यानंतर परत जाता आलं नाही, अडचण तिथे आहे.

मी आधी शाळेत पीटीचा शिक्षक होतो. गेली सतरा वर्षं हौशी मंडळींना धावायला शिकवतोय, बहुतेक सगळी तिशी ते साठीतली, नोकरी-संसार सांभाळून येणारी. इतक्या लोकांची ध्येयं बनताना आणि मोडताना पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. ध्येय आपल्याला मानवणारं आहे की नाही, हे ते ठरवतो त्या दिवशी कळत नाही. त्या दिवशी सगळीच ध्येयं छान वाटतात. कळतं ते खाडा झाल्यानंतरच्या सकाळी. त्या सकाळी तुम्हाला परत बाहेर काढेल असं काहीतरी ध्येयात असायला हवं. काय बाहेर काढतं, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. तुमच्या तक्त्यात तुम्हाला बाहेर काढणारं काहीच नव्हतं. तुमच्या मिस्टरांना बाहेर काढणारं होतं, म्हणून त्यांना तो लागू पडला.

तक्त्याला मी नावं ठेवत नाही. ठोस आणि थोडं अवघड ध्येय दिलं की माणसाचं काम सुधारतं, हे एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं अभ्यासून दाखवलंय. लॅथमचा एक जुना अभ्यास मला फार आवडतो. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात लाकूड वाहणारे ट्रक होते. कायद्याने जेवढं वजन चालतं त्याच्या साधारण ६० टक्केच माल ट्रकवर चढायचा. ड्रायव्हरांना सांगितलं, ९४ टक्के भरा. भरलं तर बक्षीस नाही, नाही भरलं तर दंड नाही. पहिल्या महिन्यात भरती ८० टक्क्यांवर गेली. दुसऱ्या महिन्यात ७० वर घसरली. तिसऱ्या महिन्यात नव्वदीच्या पुढे गेली. हा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ध्येय ठरवण्याच्या प्रशिक्षणांत आजही सांगितला जातो. सांगणारे मात्र बहुतेक वेळा ६० वरून ९० एवढंच सांगतात, मधला घसरलेला महिना गाळतात.

तो महिना का घसरला? ड्रायव्हरांशी बोलल्यावर कळलं की ते पारखून बघत होते. कमी भरलं तर खरंच कुणी काही करत नाही ना? कुणी काही केलं नाही. मग ते निर्धास्तपणे कामाला लागले.

तुमचा पाचवा आठवडा म्हणजे त्यांचा दुसरा महिना. पण तुमच्या घरी दंड करणारं कुणीतरी फ्रिजवर लटकत होतं. ते तीन रिकामे चौकोन. दूध काढायला जा, चौकोन दिसतात. भाजी ठेवायला जा, चौकोन दिसतात. दिवसातून पंधरा वेळा आपली चूक दाखवणाऱ्या गोष्टीकडे कुणाचं मन ओढ घेईल? आणि त्या ड्रायव्हरांना ट्रक भरता येत होता, हेही लक्षात घ्या. त्यांना नवीन काही शिकायचं नव्हतं. तुम्ही धावायला शिकत होतात. काम नवं असताना सुरुवातीलाच अवघड आकडा समोर ठेवला तर शिकण्यात जायला हवं ते लक्ष आकड्यात जातं. रूथ कॅन्फर आणि फिलिप ॲकरमन यांनी १९८९ मध्ये विमानवाहतूक नियंत्रणाच्या सरावावर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं. म्हणून माझ्याकडे नव्या माणसाला पहिले सहा आठवडे मी किलोमीटर सांगतच नाही. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का, पाऊल आपटतंय की हलकं पडतंय, खांदे कानाला लागलेत का, एवढंच बघायला सांगतो.

आता माणसामाणसातला फरक. माझ्याकडे एक इंजिनीअर आहेत, पूर्णपणे आकड्यावर चालणारे. त्यांना पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, चार तासांच्या आत करायची होती. आकडा म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात. पहाटे साडेचारला उठतात, प्रत्येक किलोमीटरची नोंद ठेवतात. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये तीस किलोमीटर ओलांडल्यावर पेडर रोडचा चढ येतो. तिथे त्यांच्या पोटरीत गोळा आला आणि ते चार तास एक मिनिट वीस सेकंदांत पोचले. आधीच्या वेळेपेक्षा तब्बल अकरा मिनिटं लवकर! पण त्यांच्या लेखी ते नापास. पुढचे आठ महिने ते धावले नाहीत. मी दोनदा घरी जाऊन आलो.

हा त्यांचा एकट्याचा स्वभाव नाही. एरिक ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास ९८ लाख मॅरेथॉन वेळा तपासल्या. तीन तास, साडेतीन तास, चार तास अशा गोल आकड्यांच्या अगदी अलीकडे धावपटूंची गर्दी दिसते आणि आकडा ओलांडला की ती विरळ होते. म्हणजे गोल आकडा माणसाला शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये खरोखर ढकलतो. त्याच आकड्याच्या पलीकडे पडलेला माणूस, अंतर काही सेकंदांचं असलं तरी, हरल्यासारखा घरी जातो. आकड्यावर चालणाऱ्याला आकडा काढून घेऊन चालत नाही, तो त्याचा प्राणवायू आहे. त्याला एकाऐवजी तीन आकडे द्यावे लागतात. सगळं जुळून आलं तर हा, दिवस साधारण असेल तर हा, आणि काही बिनसलं तरी हा. त्या इंजिनीअरांचं आता असंच चालतं. पुढच्या वर्षी त्यांना चार तास चार मिनिटं लागली. मधला आकडा साधला म्हणून त्यांनी ग्रुपला पोहे खाऊ घातले.

दुसरे एक गृहस्थ मार्केट यार्डातले व्यापारी, वय ५४. त्यांना मेडलचं, रेसचं काही नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी असते ना, एचबीएवनसी, ती ८.४ आली आणि डॉक्टरांनी चांगलंच खडसावलं, म्हणून ते आले. मी त्यांना दहा किलोमीटरच्या रेसचं ध्येय दिलं. माझी चूक होती ती. ते महिनाभर आले तसे गेले. टोरी हिगिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये मांडलेला एक विचार मला तेव्हा उपयोगी पडला. काही माणसं काहीतरी मिळवण्यासाठी हलतात, काही आहे ते सांभाळण्यासाठी. हे गृहस्थ सांभाळणारे. दुकानातही नफ्यापेक्षा उधारी बुडू नये याकडे त्यांचं लक्ष. त्यांना मी म्हटलं, शेठ, रेस सोडा, फक्त सलग दोन दिवस खाडा होऊ द्यायचा नाही. हे त्यांना लगेच पटलं. सहा महिने त्यांनी एकदाही सलग दोन दिवस चुकवले नाहीत. (साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावंच, हे इथे सांगून ठेवतो. साखर अचानक खाली येऊ शकते.)

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. रिपोर्ट ६.३ आला, आणि तीन आठवड्यांत ते दिसेनासे झाले. भीती माणसाला घराबाहेर काढते, यात शंका नाही. पण साखर आटोक्यात आली की भीतीचं काम संपतं आणि तिच्याबरोबर धावणंही संपतं. भीतीवर उभ्या केलेल्या ध्येयाला म्हणूनच लवकरात लवकर दुसरा टेकू द्यावा लागतो. त्यांच्या बाबतीत तो टेकू योगायोगाने मिळाला. रविवारी ग्रुपसाठी पाण्याचा जार आणायचं काम मी त्यांच्या गळ्यात घातलं. चाळीस माणसं आपल्या पाण्यासाठी खोळंबतील, हे सांभाळणाऱ्या माणसाला सहन होत नाही. चार वर्षं झाली, जार चुकलेला नाही.

शिकण्यात रमणारीही माणसं असतात. त्यांना दर महिन्याला नवीन काहीतरी लागतं, टेकडी, वेग, अनवाणी चालणं, काहीही. त्यांची काळजी मला कमी असते, कारण ती आपली वाट स्वतः शोधतात.

तुमचं काय? आपल्याला काय हलवतं, हे विचार करून सापडत नाही असा माझा अनुभव आहे. "मला धावायचं का आहे?" असं स्वतःला विचारलं की शोभेलशी उत्तरं येतात. आरोग्यासाठी, स्वतःसाठी वेळ म्हणून, मुलासमोर आदर्श म्हणून. ती खोटी नसतात, पण पाऊस पडत असताना पहाटे साडेपाचला उठवण्याचं बळ त्यांच्यात नसतं. त्याऐवजी मी एक कागद द्यायला लागलो. त्यावर गेल्या दहा वर्षांत कुणी मागे न लागता टिकलेल्या तीन गोष्टी लिहायच्या. मोठ्या नकोत. भिशी चालेल, आईला रोज रात्री केलेला फोन चालेल. आणि प्रत्येकीपुढे लिहायचं की ती मोडायला आली होती ती वेळ कुठली आणि तेव्हा परत कशामुळे सुरू झाली.

हा दुसरा रकाना खरा. एका बाईंनी लिहिलं होतं, "कुंड्या. दोन आठवडे गावी गेले होते, आले तेव्हा गुलाब मान टाकून पडला होता." त्यांना आपल्यावर कुणीतरी अवलंबून आहे हे दिसलं की हात आपोआप चालतात. एका आयटीतल्या मुलाने लिहिलं, "बुद्धिबळाची कोडी. कंटाळून सोडली होती, मग एक कोडं सुटेना म्हणून परत बसलो." त्याला मी त्याच दिवशी पायाच्या पवित्र्यातली एक खोड दाखवली आणि म्हटलं, ही दोन महिन्यांत घालव. मुलगा टिकला.

तुमचा कागद तुम्ही पत्रातच भरून पाठवलात. वारी. मोडायला आली होती ती वेळ, अंगात कणकण. परत कशामुळे, मावशी एकटी पडली असती. एवढं स्वच्छ उत्तर मला फार थोड्या लोकांकडून मिळतं.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोघांनी माणसाच्या आतून येणाऱ्या ओढीवर आयुष्यभर काम केलं. त्यांचं सांगणं असं की तीन गोष्टींची भूक भागली की ओढ टिकते. आपण हे आपल्या मर्जीने करतोय, आपल्याला हे जमतंय, आणि आपल्यासोबत आपली माणसं आहेत. वारीच्या त्या एका दिवसाकडे या नजरेने बघा. तारीख तुम्ही ठरवत नाही, वाट तुम्ही ठरवत नाही, चालही दिंडीची. तरी त्यात परकं काही वाटत नाही, कारण जायचं हे तुमचं आहे. टाळाच्या ठेक्यात पाऊल पडत राहतं म्हणून जमतंय असं वाटतं. मागे राहिलात तर कुणी फुली मारत नाही, कुणीतरी हात धरून पुढे घेतं. आणि शेजारी मावशी. फ्रिजवरच्या तक्त्यात यातलं एकही नव्हतं. तो तुमच्यावर एकटीवर सोपवलेला हिशेब होता.

तेव्हा तुमचं ध्येय मी असं बांधेन.

"अमुक तारखेला हाफ मॅरेथॉन" हे वाक्य सहा आठवडे बाजूला ठेवा. तुमचं ध्येय असं: मंगळवारी आणि शनिवारी सकाळी सहाला तळजई टेकडीच्या गेटपाशी दोघीजणी माझी वाट बघत असतील, तिथे मी असेन. किलोमीटर नाही, वेळ नाही. गेटपाशी असणं एवढंच मोजायचं. या दोघी तुम्हाला शोधाव्या लागतील. बँकेतली एखादी, सोसायटीतली एखादी. त्यातली एक तरी तुमच्यापेक्षा हळू असावी, हा माझा आग्रह आहे. तुम्ही वेगवान मैत्रिणीबरोबर गेलात तर दुसऱ्याच आठवड्यात तिला आपल्यामुळे थांबावं लागतंय असं वाटून गळाल. हळू मैत्रीण असेल तर तुम्हाला तिच्यासाठी जावं लागेल, आणि "तिच्यासाठी" हीच तुमची वाट आहे.

गेटपाशी पोचल्यावर काय करायचं ते सोपं आहे. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं अर्धा तास. आठवड्याला धावण्याचं अर्धं मिनिट वाढवायचं. सहा आठवड्यांनी न थांबता चार मिनिटं धावून अंगात बोलण्याइतका श्वास शिल्लक राहील. तिसरा दिवस, गुरुवार म्हणा, एकटीने पंचवीस मिनिटं. तो बुडाला तर बुडाला. किलोमीटर सातव्या आठवड्यापासून आणू, शनिवारी थोडं थोडं वाढवत सतरा-अठरापर्यंत नेऊ. त्याचा हिशेब तुमच्याकडे नको. तिघींपैकी जिला वही ठेवायची आवड असेल तिच्याकडे द्या, नाहीतर मी ठेवतो. कधी निघायचं, कुठे थांबायचं याची चिंता टाळकरी वाहत बसत नाही, तसंच. सोळा आठवड्यांऐवजी चोवीस धरा. नोंदवलेली रेस पुढे ढकलता येत असेल तर ढकला, येत नसेल तर पैसे गेले असं समजा. गेलेल्या पैशांसाठी अर्ध्या तयारीने धावून गुडघा दुखावून घेऊ नका.

आणि खाडा होणार, हे गृहीत धरूनच बांधायचं. पीटर गोल्विट्झर यांनी "जर-तर" पद्धतीचा अभ्यास केला आहे. अडचण कुठली येईल आणि आली तर नेमकं काय करीन, हे आधीच एका वाक्यात बांधून ठेवायचं. २००६ मध्ये त्यांनी पास्कल शिरन यांच्याबरोबर ९४ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नुसतं ठरवणाऱ्यांपेक्षा असं वाक्य बांधणाऱ्यांच्या हातून काम पार पडण्याचं प्रमाण चांगलंच जास्त निघालं. तुमच्यासाठी दोनच वाक्यं पुरेत, दहा बांधलीत तर एकही आठवणार नाही. पहिलं: बँकेत ऑडिट किंवा मार्चअखेर असेल, तर मंगळवारी गेटपाशी जाईन आणि वीस मिनिटांत परत फिरेन. दुसरं: शनिवार बुडाला, तर रविवारी दुपारपर्यंत दोघींपैकी एकीला फोन करून "मंगळवारी येतेय" एवढं सांगेन. कारण सांगायचं नाही, माफी मागायची नाही. मुलगा आजारी असेल तेव्हा त्याच्याजवळच थांबायचं, फोन मात्र करायचा.

बुडालेलं भरून काढायचं नाही. हा माझ्या ग्रुपचा सगळ्यात कडक नियम आहे. तीन दिवस गेले म्हणून शनिवारी दुप्पट धावणाऱ्यांच्या नडग्या आणि गुडघे मी बघितलेत. एका आठवड्याच्या खंडाने कमावलेला दम फारसा उतरत नाही. आठवडा गेला तर चालू आठवड्यापासून सुरू करा, दोन आठवड्यांहून जास्त गेला तर दोन पायऱ्या मागे या.

एकवीस दिवसांत सवय लागते, असं तुम्ही ऐकलं असेल. त्यावर विसंबू नका. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ लोकांवर पाहणी केली होती, ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सवय अंगवळणी पडायला लागलेला मध्यम काळ ६६ दिवस निघाला, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. व्यायामासारख्या गोष्टींना पाणी पिण्यासारख्या गोष्टींपेक्षा जास्त काळ लागला. त्याच पाहणीत असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. तुम्ही साधारण तीस-पस्तिसाव्या दिवशी थांबलात. तोवर सवय लागलेली नसणं अगदी स्वाभाविक होतं.

एक जपा. धावण्यात तुम्हाला आपोआप आवडणारं काही असेल, तळजईवरचे मोर म्हणा किंवा पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास, तर त्याला मोजू नका. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग आहे. बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना "चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल" असं आधी सांगितलं. नंतर मोकळ्या वेळात ही मुलं, काहीच न सांगितलेल्या मुलांच्या निम्म्याने चित्रं काढायला लागली. घड्याळ आणि ॲप यांचं असंच होतं. इंजिनीअरांना ते पंख देतात. तुम्ही शनिवारी मनगटावर काही न बांधता या.

मिस्टरांशी भांडू नका. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. त्यांनी स्वतःला लागू पडलेलं औषध प्रेमाने तुम्हालाही दिलं. बहुतेक नवरा-बायकोंमध्ये हेच होतं, आणि शिक्षकांमध्येही. शेठना मी रेस दिली तेव्हा मीही तेच केलं होतं. त्यांना दोनच गोष्टी सांगा. संध्याकाळी "आज किती झाले?" असं विचारू नका, आणि मंगळवारी सकाळी मुलाचा डबा तुम्ही भरा. दुसऱ्या गोष्टीने तुमचं धावणं जितकं टिकेल तितकं माझ्या कुठल्याही सल्ल्याने टिकणार नाही.

तक्ता फ्रिजवरून काढा. फाडायची गरज नाही, सातव्या आठवड्यापासून आपण त्यातले शनिवार वापरणारच आहोत. तोपर्यंत तो ड्रॉवरमध्ये राहू दे.

मैत्रिणी मिळेपर्यंत थांबू नका. मावशींना विचारा. ज्या दिवे घाट चढतात त्यांना तळजईचा अर्धा तास जड नाही. त्या चालतील, तुम्ही एक मिनिट पुढे धावायचं आणि वळून त्यांच्यापर्यंत परत यायचं. येत्या शनिवारी सहाला आमचा ग्रुप तिथेच असतो, गेटच्या डावीकडे. सहा आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. किती किलोमीटर झाले ते नको, कुठला दिवस बुडाला आणि त्यानंतर कोणाच्या फोनमुळे आलात, तेवढं लिहा.